रिक्वेस्टमधून आलेला डेटा कसा तपासायचा आणि बदलायचा: नवीन बॅकएंडवाल्यांसाठी, चकलीच्या ऑर्डरसकट

हे कोणासाठी आहे ते आधी सांगतो. तुम्ही एक्सप्रेस, फास्टएपीआय, लॅरावेल, स्प्रिंग बूट यातलं काहीतरी शिकलात, एक-दोन एंडपॉइंट लिहिलेत, पोस्टमनमधून ते छान चालतात, आणि आता खरी माणसं ते वापरणार आहेत. पोस्टमनमध्ये तुम्ही स्वतः नीट डेटा टाकता. खरी माणसं टाकत नाहीत, आणि काही माणसं तर मुद्दाम टाकत नाहीत.

उदाहरणाला एकच गोष्ट धरून चालू. समजा इंदुरात राजेंद्र नगरमधल्या एका गृहउद्योगासाठी दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेणारं एपीआय बनवताय. चकली, चिवडा, अनारसे, करंजी. ग्राहक सुदामा नगरपासून महूपर्यंतचे, अर्धे मराठीत टाइप करणारे, अर्धे हिंदीत, काही इंग्रजीत. ऑर्डरमध्ये नाव, फोन, पिनकोड, वजन, डिलिव्हरीची तारीख. अ‍ॅडमिनसाठी ऑर्डरची यादी, त्यात पेज, लिमिट, सॉर्ट. (इथे पॅरामीटरची नावं मी देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये तुम्ही इंग्रजीतच लिहाल.)

पायरी १: काय कुठून येतं ते ओळखा

रिक्वेस्टमध्ये डेटा चार ठिकाणांहून येतो: पाथ, क्वेरी, हेडर आणि बॉडी. यातल्या पहिल्या तिघांत सगळं स्ट्रिंग असतं, सगळं म्हणजे सगळं. 'पेज=२' मधला दोन हा आकडा नाही, ते एक अक्षर आहे. साधा एचटीएमएल फॉर्म पाठवला तरी तेच. जेसन बॉडीत मात्र नंबर, बूलियन, नल, अ‍ॅरे, ऑब्जेक्ट हे प्रकार असतात, पण तारीख असा प्रकार जेसनमध्येही नाही, ती स्ट्रिंग म्हणूनच येते.

म्हणजे 'तपासणं' आणि 'बदलणं' ही दोन वेगळी कामं नाहीतच. स्ट्रिंगचा आकडा होतोय का हे बघण्याचा सरळ मार्ग म्हणजे आकडा करून बघणं, आणि झाला की तो आकडाच पुढे द्यायचा, मूळ स्ट्रिंग नाही. बरेच नवखे काय करतात, वर तपासतात की हा आकडा आहे, आणि मग खाली सर्व्हिसमध्ये पुन्हा मूळ रिक्वेस्टमधूनच वाचतात, आणि तिथे 'लिमिट अधिक एक' केलं की २० चे २०१ होतात कारण जावास्क्रिप्टने स्ट्रिंग जोडली. तेव्हा नियम असा ठेवा की हँडलरच्या पहिल्या ओळीत रिक्वेस्टमधून एक नवीन, स्वच्छ, योग्य प्रकारांचा ऑब्जेक्ट तयार होईल आणि त्यानंतर रिक्वेस्टला कोणी हात लावणार नाही.

पायरी २: कोड लिहिण्याआधी कागद

खरंच कागद घ्या. प्रत्येक पॅरामीटरसमोर लिहा: लागतोच का, प्रकार कोणता, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आलाच नाही तर काय धरायचं. इथे एक फरक लोकांच्या लक्षात येत नाही, की 'आलाच नाही', 'रिकामा आला' आणि 'नल आला' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑर्डर अपडेट करणाऱ्या पॅच एंडपॉइंटमध्ये हे फार लागतं: 'निरोप' हे फील्ड आलंच नाही तर जुना निरोप तसाच ठेवायचा, नल आला तर पुसायचा, आणि रिकामी स्ट्रिंग आली तर... ते तुम्ही ठरवा, पण ठरवा.

डीफॉल्टबद्दल माझं ठाम मत: डीफॉल्ट फक्त 'आलाच नाही' साठी. चुकीचा आला तर एरर. फ्लास्कमध्ये (पायथनचं एक छोटं फ्रेमवर्क) क्वेरीतून वाचताना प्रकार इंटिजर आणि डीफॉल्ट १ असं दिलं की 'पेज=अबक' आल्यावर ते गुपचूप १ देतं. दिसायला सोयीचं आहे, पण समोरच्या अ‍ॅपवाल्याला कधीच कळत नाही की त्याचा कोड चुकतोय, तो बिचारा पहिलंच पान पुन्हापुन्हा बघत बसतो.

पायरी ३: आकडे

इथे प्रत्येक भाषेचे आपापले नखरे आहेत. जावास्क्रिप्टमध्ये पार्सइंटला '१२किलो' दिलं तर ते १२ देतं आणि मागचं सोडून देतं. नंबर फंक्शन त्या बाबतीत कडक आहे, पण त्याला रिकामी स्ट्रिंग दिली तर शून्य देतं, नुसती स्पेस दिली तरी शून्य, आणि 'एक ई तीन' अशा सायंटिफिक रूपात लिहिलेलं दिलं तर हजार. म्हणजे वजनाचा रकाना रिकामा सोडला की शून्य ग्रॅम चकलीची ऑर्डर. पायथनचा इंट बराच शिस्तीचा, पण आजूबाजूच्या स्पेस त्याला चालतात आणि ३.६ पासून मध्ये अंडरस्कोअर असलेले आकडेही चालतात.

आता आपल्या कामाची गोष्ट. मराठी कीबोर्डवरून कोणी पिनकोड मराठी आकड्यांत टाकला तर? पायथनचा इंट तो बिनतक्रार वाचतो, जावाचा पार्सइंटही वाचतो. जावास्क्रिप्टचा नंबर मात्र 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नाही', असं देतो. रेगेक्सचंही तेच, 'कोणताही अंक' म्हणणारा बॅकस्लॅश-डी पायथन ३ मध्ये मराठी आकडे धरतो, जावास्क्रिप्टमध्ये धरत नाही. त्यामुळे फ्रंटएंडने नाकारलेलं बॅकएंड स्वीकारतं, किंवा त्याहून वाईट, पायथनमध्ये रेगेक्सने पास केलेली स्ट्रिंग तशीच मराठी आकड्यांसकट डेटाबेसमध्ये जाते आणि मग ४५२००१ शोधलं की ती ऑर्डर सापडत नाही. माझा सल्ला: माणसं हाताने टाइप करतात त्या फील्डमध्ये, म्हणजे फोन, पिन, वजन, मराठी आकडे स्वीकारा, पण पहिल्याच ओळीत त्यांचे इंग्रजी आकडे करून घ्या. पेज, लिमिट, आयडी हे कोडच पाठवतो, तिथे इंग्रजी शून्य ते नऊ सोडून काही आलं तर सरळ एरर.

मर्यादा दोन्ही बाजूंनी घाला. लिमिटला वरची मर्यादा नसली तर कोणीतरी लिमिट दहा लाख पाठवेल आणि डेटाबेस झोपेल, १०० पुरे. वजन उणे आलं तर बिल उणे होतं. आयडीचा कॉलम ३२ बिटचा असेल तर २१४७४८३६४७ च्या वरचा आकडा डेटाबेस एरर देतो आणि ग्राहकाला ५०० दिसतं, जे खरं तर ४०० असायला हवं होतं. आणि आयडी ६४ बिटचे असतील तर जेसनमध्ये ते स्ट्रिंग म्हणून द्या-घ्या, कारण जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे भरवशाचा राहत नाही, शेवटचे अंक बदलतात आणि कोणाला कळतही नाही.

वजन आणि पैसे दशांशात ठेवू नका. अर्धा किलो म्हणजे ५०० ग्रॅम, पूर्णांक. दोनशे चाळीस रुपये म्हणजे २४००० पैसे, पूर्णांक.

आणि पिनकोड, फोन हे आकडे नाहीत. आकड्यांनी लिहिलेली स्ट्रिंग आहे. ज्याची बेरीज करायची नसते त्याला इंटिजर बनवू नका, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप.

पायरी ४: हो-नाही

छोटी गोष्ट, पण जवळपास सगळेच अडकतात. 'घरपोच=फॉल्स' असं क्वेरीत आलं आणि तुम्ही ती स्ट्रिंग बूलियनमध्ये बदलली तर उत्तर ट्रू येतं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग पायथनलाही ट्रू आणि जावास्क्रिप्टलाही ट्रू. झॉड (टाइपस्क्रिप्टची तपासणीची लायब्ररी) वापरत असाल तर त्याचं कोअर्स-बूलियनसुद्धा हेच करतं. पायडँटिक (पायथनची तशीच लायब्ररी) इथे शहाणं आहे, ते 'फॉल्स', 'नो', 'ऑफ', शून्य हे सगळं ओळखतं. तुमच्या लायब्ररीचं काय ते एकदा चालवून बघा, डॉक्युमेंटेशन वाचण्यापेक्षा लवकर कळेल.

पायरी ५: तारीख, आणि ते अधिकचं चिन्ह

०५/११/२०२६ म्हणजे आपल्याला पाच नोव्हेंबर, जावास्क्रिप्टला अकरा मे. एपीआयमध्ये वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, आयएसओ ८६०१ च्या पद्धतीने घ्या आणि दुसरं काही आलं तर नाकारा, 'समजून घ्यायचा' प्रयत्न करू नका. तारीख खरी आहे का तेही बघा: जावास्क्रिप्टच्या डेटला वर्ष, महिना, दिवस असे वेगळे देऊन ३१ फेब्रुवारी २०२६ बनवायला सांगितलं तर ते एरर देत नाही, ३ मार्च देतं. बनवलेल्या तारखेतून दिवस परत वाचा आणि आलेल्या दिवसाशी जुळवा, जुळला नाही तर तारीखच खोटी.

टाइमझोन. नुसती तारीख, '२०२६-११-०५' अशी, जावास्क्रिप्टला दिली की ते यूटीसीची मध्यरात्र धरतं, म्हणजे आपले सकाळचे साडेपाच. त्याच तारखेला पुढे वेळ जोडली आणि झोन नाही लिहिला तर लोकल वेळ धरतं. असं का ते विचारू नका, स्पेसिफिकेशनच तसं आहे. परिणाम असा की 'पाच तारखेच्या ऑर्डर दाखव' म्हटलं की रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधल्या ऑर्डर गायब होतात आणि सहा तारखेच्या पहाटेच्या त्यात घुसतात, आणि भिया, हे शहर सराफ्यात रात्री एक वाजता गराडू खात असतं, त्या वेळी ऑर्डर येणार नाहीत असं समजू नका. डिलिव्हरीची तारीख ही नुसती तारीख म्हणूनच ठेवा, टाइमस्टँप करू नका. आणि ऑर्डर कधी आली तो टाइमस्टँप यूटीसीत ठेवा, फिल्टर करताना भारतीय दिवसाची सुरुवात आणि शेवट काढून मग यूटीसीत बदला.

आता अधिक. क्वेरी स्ट्रिंगमध्ये अधिकचं चिन्ह म्हणजे स्पेस, जुन्या फॉर्म एन्कोडिंगपासून तसं चालत आलंय. त्यामुळे कोणी वेळेच्या शेवटी '+०५:३०' तसंच युआरएलमध्ये पाठवलं तर तुमच्याकडे ' ०५:३०' येतं आणि पार्सर रडतो. फोनच्या '+९१' चंही हेच. पाठवणाऱ्याने ते 'टक्का २ बी' असं एन्कोड करायला हवं. तुम्ही दयाळू होऊन स्पेसचा अधिक करून देऊ नका, एरर द्या आणि मेसेजमध्ये कारण लिहा, तो एकदा दुरुस्त करेल आणि विषय संपेल.

पायरी ६: नावं, आणि इथे जरा थांबा

नेटवरून कॉपी केलेला नावाचा रेगेक्स बहुतेक वेळा ए ते झेड एवढंच चालवतो. तो लगेच काढा. मग लोक हुशारीने युनिकोडचा 'अक्षर' हा वर्ग लावतात आणि तरी 'कविता' नाकारली जाते. कारण युनिकोडच्या हिशेबात क, व, त ही अक्षरं, पण वेलांटी आणि काना हे 'मार्क' या वेगळ्या वर्गात. जावास्क्रिप्टमध्ये अक्षर वर्गाबरोबर मार्क वर्गही द्यावा लागतो. पायथनच्या अंगभूत रेगेक्समधला बॅकस्लॅश-डब्ल्यूसुद्धा मात्रा धरत नाही, तिथेही कविता नापास. खरं सांगू का, नावावर रेगेक्स लावूच नका. पुढच्या-मागच्या स्पेस काढा, रिकामं नाही ना ते बघा, लांबीची मर्यादा घाला, कंट्रोल कॅरेक्टर नाकारा, बस. लांबी मोजताना 'श्री' हे एक अक्षर दिसलं तरी त्यात चार कोडपॉइंट असतात आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट, म्हणून वीस कॅरेक्टरची मर्यादा इंग्रजी नावाला पुरते, मराठी नाव-आडनावाला नाही. १०० ठेवा.

याहून मजेदार म्हणजे ऱ. 'कऱ्हाडे' हे आडनाव तीन प्रकारे टाइप होऊ शकतं आणि तिन्ही स्क्रीनवर सारखेच दिसतात: एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, दोन, साधा र, त्याला नुक्ता, मग हलंत, तीन, साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. डेटाबेसला ही तीन वेगळी आडनावं. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एका रूपात आणणं) केलं की पहिली दोन एक होतात, आणि ते प्रत्येक मजकुराच्या फील्डवर कराच, एका ओळीचं काम आहे. तिसरं तसंच राहतं. आणि 'अदृश्य कॅरेक्टर सगळी उडवा' असं तुम्ही कुठे लिहिलं असेल तर तिसऱ्यातला जॉइनर उडतो आणि कऱ्हाडेंचं 'कर्हाडे' होतं, रफार डोक्यावर, पाकिटावर तसंच छापलं जातं. म्हणून आधी 'र, हलंत, जॉइनर' हे त्रिकूट ऱ आणि हलंतमध्ये बदला, मगच बाकीची साफसफाई. कुठल्याही तयार लायब्ररीत हे मिळेल या आशेवर राहू नका.

फोनचं सरळ आहे: स्पेस, डॅश काढा, सुरुवातीचा शून्य काढा, दहा अंक उरले पाहिजेत आणि पहिला सहा ते नऊमधला. फक्त ९१ काढताना जपून. अंक बारा असतील तरच पुढचे ९१ काढायचे, कारण ९१ ने सुरू होणारे दहा अंकी मोबाइल नंबर खरोखर असतात. साठवताना मात्र सगळे एकाच रूपात, '+९१' लावून.

पिनकोड सहा अंकी, पहिला शून्य नसतो. 'इंदूरचा पिन ४५२ ने सुरू होतो' हा नियम कोडमध्ये घालायचा मोह होईल, घालू नका, महूचा ४५३ ने सुरू होतो. डिलिव्हरी कुठे होते त्या पिनकोडांची यादी डेटाबेसमध्ये ठेवा. शहराचं नाव तर टाइप करायलाच देऊ नका, इंदूर, इंदौर आणि इंग्रजीतली दोन-तीन स्पेलिंगं, सगळं येणार, ड्रॉपडाउन द्या आणि कोड घ्या. आणि आधार वगैरे मागूच नका, चकलीला आधार लागत नाही, जे मागितलंच नाही ते तपासावं लागत नाही आणि फुटतही नाही.

पायरी ७: ठरावीक पर्याय, जास्तीची फील्ड, दोनदा आलेली फील्ड

सॉर्टसाठी आलेलं कॉलमचं नाव थेट एसक्यूएलमध्ये चिकटवू नका. व्हॅल्यूसाठी पॅरामीटराइज्ड क्वेरी आहेच, पण ऑर्डर-बायमधलं कॉलमचं नाव पॅरामीटर म्हणून देता येत नाही, म्हणून तिथे मान्य नावांची छोटी यादी ठेवा, 'तारीख' आलं तर हा कॉलम, 'रक्कम' आलं तर तो, बाकी काही आलं तर एरर.

बॉडीत तुम्ही न मागितलेली फील्ड आली तर ती ऑब्जेक्टमध्ये जाऊ देऊ नका. मार्च २०१२ मध्ये एका माणसाने रेल्स या रुबी फ्रेमवर्कमधल्या याच ढिलाईचा, मास असाइनमेंटचा, फायदा घेऊन गिटहबवर रेल्सच्याच रेपॉझिटरीत स्वतःची कमिट टाकून दाखवली होती. आपल्याकडे कोणी बॉडीत 'किंमत: १' किंवा 'पेमेंट झालं: ट्रू' पाठवलं आणि तुम्ही अख्खी बॉडी जशीच्या तशी मॉडेलला दिली तर अनारसे एक पैशात गेले. किंमत नेहमी सर्व्हरवर काढा. अनोळखी फील्ड गुपचूप गाळायची की एरर द्यायचा? पायडँटिक न सांगता गाळतं, सांगितलं तर नाकारतं. मी नाकारतो, कारण स्पेलिंग चुकलेलं ऐच्छिक फील्ड गुपचूप गळलं की तास-तास शोधत बसावं लागतं.

एकच पॅरामीटर दोनदा आला तर? फ्लास्क पहिला देतो, जँगो आणि पीएचपी शेवटचा, एक्सप्रेस दोन्हींचा अ‍ॅरे. एक्सप्रेस ४ मध्ये चौकटी कंस टाकले तर क्वेरीतून ऑब्जेक्टसुद्धा येतो, आणि तुम्ही तो तसाच मोंगो डेटाबेसच्या फाइंडला दिला तर आत मोंगोचे ऑपरेटर घुसवून 'फोन रिकामा नाही असा कोणीही' असं शोधता येतं. प्रकार तपासला, 'हे स्ट्रिंगच पाहिजे' एवढं म्हटलं, की हे दार बंद.

पायरी ८: एरर नीट द्या

एका वेळी एक चूक सांगू नका, पाचही फील्ड तपासून सगळ्या चुका एकदम द्या. प्रत्येक चुकीत तीन गोष्टी: फील्डचं नाव, मशीनसाठी एक न बदलणारा कोड, आणि माणसासाठी वाक्य. 'अवैध इनपुट' हे वाक्य नाही. 'वजन २५० ग्रॅम ते १० किलोमध्ये टाका' हे वाक्य. स्टॅक ट्रेस, कॉलमची नावं बाहेर जाऊ देऊ नका.

स्टेटस ४०० द्यायचा की ४२२ यावर लोक तासभर भांडतात. ४२२ मूळ वेबडॅव या एचटीटीपीच्या विस्तारातला, जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) तो मुख्य एचटीटीपीत आला. फास्टएपीआय तपासणी फसली की तोच देतं. दोन्ही चालतात, अख्ख्या एपीआयमध्ये एकच वापरा. एररच्या बॉडीचं रूप कसं असावं यासाठी आरएफसी ९४५७ आहे, २०२३ चं, स्वतःचं नवीन रूप काढण्यापेक्षा ते घ्या.

पायरी ९: लायब्ररी

वरचं सगळं हाताने लिहायचं नाहीये. पायथनमध्ये पायडँटिक, टाइपस्क्रिप्टमध्ये झॉड, नेस्टमध्ये व्हॅलिडेशन पाइप (त्यात व्हाइटलिस्ट आणि ट्रान्सफॉर्म हे दोन्ही चालू करा), स्प्रिंगमध्ये बीन व्हॅलिडेशन, जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये सीरियलायझर, लॅरावेलला स्वतःचं आहेच. एकदा स्वतः एका एंडपॉइंटला हाताने लिहा, मग लायब्ररी घ्या, म्हणजे ती नक्की काय करून राहिलीय ते कळतं. आणि 'आपोआप बदल' असं कुठे दिसलं तर वरचे आकडे आणि हो-नाही त्यावर चालवून बघा.

लायब्ररीला एक मात्र जमत नाही. ऑर्डर आयडी नीट आहे, आकडा आहे, मर्यादेत आहे, पण ती ऑर्डर दुसऱ्याची आहे: हे परवानगीचं काम, ते वेगळं तपासावं लागतं. चिवडा शिल्लक आहे का हे दारात बघून उपयोग नाही, दोन जणांनी एकाच क्षणी शेवटचा किलो मागितला तर दोघंही पास होतील, ते डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्येच बघायचं. आणि डेटाबेसमधले नॉट-नल, चेक, युनिक हे काढू नका, 'कोडमध्ये तपासलंय ना' म्हणून. उद्या कोणी स्क्रिप्टने एक्सेलमधून डेटा भरेल, तो तुमच्या एपीआयमधून जाणार नाही.

पायरी १०: वाकडा डेटा टाकून बघा

एक फाइल बनवा आणि प्रत्येक एंडपॉइंटवर ती चालवा. त्यात हे असू द्या: रिकामी स्ट्रिंग, नुसती स्पेस, उणे एक, शून्य, साडेतीन, 'एक ई तीन', मराठी आकड्यांतला पिन, वीस अंकी आयडी, 'फॉल्स' ही स्ट्रिंग, नल, स्ट्रिंगच्या जागी अ‍ॅरे, स्ट्रिंगच्या जागी ऑब्जेक्ट, ३१ फेब्रुवारी, दोनदा आलेलं पेज, दहा हजार कॅरेक्टरचं नाव, तिन्ही प्रकारचे कऱ्हाडे, आणि मध्ये नल बाइट असलेला मजकूर (पोस्टग्रेसच्या टेक्स्टमध्ये तो बसत नाही, थेट एरर येतो). उत्तर एकतर २०० यावं नाहीतर ४०० च्या घरातलं. कुठेही ५०० दिसलं की तिथे तपासणी राहिलीय, आणि जिथे २०० आलं तिथे डेटाबेस उघडून खरंच काय साठलंय ते डोळ्यांनी बघा, विशेषतः वजनाच्या रकान्यात शून्य तर नाही ना.